सगळ्यांत शेवटी हललेली रेघ

“वहिनी, जिचं सगळ्यांशी फारच छान जुळतंय ना, तिच्याकडे जरा लक्ष ठेव,” तालपट्ट्यांची पेटी हाती देताना ऊर्मिलानं बजावलं होतं. शाल्मलीनं ते हसण्यावारी नेलं. “वन्सं, तुम्ही स्वतः बनवलेल्या यंत्रालासुद्धा नावं ठेवता!”

इचलकरंजीतल्या एका सभागृहात, शाल्मलीच्या कार्यशाळेत, बाळांना घेऊन आलेल्या पहिलटकरणी एका मोठ्या गोधडीभोवती बसल्या होत्या. प्रत्येकीनं आपापल्या जुन्या साडीचा तुकडा आणलेला. मनगटावरची तालपट्टी नाडी आणि श्वास टिपायची आणि हलक्या ठोक्यांनी इतरींना कळवायची. एक दमली की बाकीच्यांचे हात आपसूक सावकाश व्हायचे. भिंतीवरच्या पडद्यावर प्रत्येकीची एक रेघ. रेघा जुळल्या की पडद्याच्या मधला दिवा केशरी होई. शाल्मलीला कुणाला ‘जरा हळू’ म्हणावंच लागत नव्हतं. मधूनमधून ती झोळीतल्या आपल्या लेकाच्या नाकापाशी बोट धरून श्वास तेवढा तपासत होती.

“ताई, एक पट्टी माझ्या सासूला पण बांधा की!” रुखसाना म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. कावेरीही हसली. तिची रेघ सुरुवातीपासून इतरींशी सर्वांत नेमकी जुळत होती.

“कावेरीकडे बघा, कसं सुरेख जमतंय!” शाल्मली म्हणाली. टाळ्या पडल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पाळण्यातून एका बाळानं टाहो फोडला. पडद्यावरच्या रेघा एकदम उसळल्या, सुया थांबल्या. एक रेघ मात्र तशीच सपाट. इतरींचे ठोके मनगटावर पोचले, तेव्हा कुठे तीही वर गेली.

ती रेघ कावेरीची होती. आणि रडणारं बाळही तिचंच.

रुखसानानं धावत जाऊन बाळाला उचललं. शाल्मली कावेरीपाशी टेकली आणि तिची पट्टी सोडवू लागली.

“काढू नका ना, ताई,” कावेरी हळूच म्हणाली. “ही असली की कळतं, कधी हसायचं ते.”

“आणि घरी?”

“घरी बाळ रडलं की सासूबाई उठतात, मग मी उठते. आतून काही येतच नाही. मी वाईट आई आहे का हो?”

“नाही गं राणी. आजारी आहेस तू, बाळंतपणानंतर होतं असं. यावर औषध आहे, आणि आम्ही आहोत.” मघाच्या त्या टाळ्या आठवून शाल्मलीनं दिवा बंद केला.

बायकांनी आपणहून पट्ट्या उतरवल्या. टाके वाकडेतिकडे पडू लागले, बोलण्यात बोलणं मिसळू लागलं. त्या गलक्यात कावेरी शाल्मलीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. बाकी कुणीच रडत नसताना, एकटी.

त्याच दुपारी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. मागून बाळाला घेऊन रुखसाना.

गोधडी अर्धीच राहिली. कार्यशाळा कशी झाली, असं सगळे विचारतात, तेव्हा शाल्मली उत्तराऐवजी उलट एक विनंती करते. तीच तिनं तुमच्यासाठीही लिहून दिली आहे: “तुमच्यातही अशी एखादी असेल. प्रत्येक कार्यक्रमाला हजर, सगळ्यांबरोबर हसणारी, जिची तुम्हाला कधी काळजीच वाटली नाही. आज तिच्या घरी जरा डोकावून याल का?”