जहागीरदाराची जागा

पौषातली सकाळ होती. माकणीच्या धरणावरून निघालेले धुके ज्वारीच्या कणसांवर रेंगाळत विहिरीपर्यंत आले होते आणि पुढची वाट ठाऊक नसल्यासारखे तिथेच थांबले होते. त्या धुक्यातून शिवलीला बांधावरून आली, तेव्हा तिला प्रथम दिसली ती एक टोपली. मग टोपलीवर वाकलेला एक अनोळखी तरुण — मांड्यांपर्यंत भिजलेला, केसांत शेवाळाची एक हिरवी काडी अडकलेली. आणि मग टोपलीच्या काठावरून डोकावणारी, तिला जन्मापासून ओळखणारी ती सुरकुतलेली मान.

"ठिवा त्येला खाली!"

तरुण दचकला. "खालीच हाय की."

"खाली म्हंजी विहिरीत. कुठं चोरून चाललाव?"

"चोरून?" त्याने टोपलीकडे असे पाहिले, की जणू साक्ष तिथूनच मिळणार होती. "अवो, पडलं होतं हे बिचारं कासव आत. मोटारीच्या पायपाचा फुटवॉल साफ करायला उतरलो, तर पायाला लागलं. म्हणलं, धरणात नेऊन सोडावं."

"पडलं न्हाय ते. ऱ्हातंय तिथं."

"विहिरीत?"

"तुमी कुठं ऱ्हाता?"

"येरमाळ्याला. म्हंजी... सध्या मामाकडं. आण्णासाहेबांचा भाचा मी, योगीराज. मामाचा पाय मोडलाय, म्हणून आलोय."

"मग योगीराज, तुमाला कुणी असं टोपलीत घालून परक्या गावात नेऊन सोडलं, तर चालंल?"

त्याने क्षणभर धुक्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"कोण नेणार, त्याच्यावर हाय."

शिवलीलेने मान वळवली. ती हसली की नाही, हे धुक्याने त्याला कळू दिले नाही.

विहीर सामाईक होती. शिवलीलेचे आजोबा शंकरप्पा आणि आण्णासाहेबांचे वडील या दोघांनी ती भागीत खणली. पाणी लागले त्या दिवशी दोघे तेरणा नदीवर गेले, एक कासव घेऊन आले आणि त्यांनी ते आत सोडले; कासव असले की पाणी स्वच्छ राहते, अशी त्यांची श्रद्धा. काम काडीचे नाही आणि हक्क मात्र साऱ्या विहिरीवर, म्हणून त्याचे नाव पडले जहागीरदार. त्यानंतर दोन्ही घरांत बांधावरून भांडणे झाली, मोटारीवरून झाली, लग्नातल्या मानपानावरूनही झाली. पण पाण्यावरून कधी झाली नाहीत. पाणी आधी काठावरच्या थारोळ्यात, म्हणजे एका उथळ दगडी हौदात, पडे आणि तिथून त्याला दोन पाट फुटत. ज्याची पाळी त्याने आपल्या बाजूचे दारे, म्हणजे पाटाच्या तोंडाशी घातलेला मातीचा बांध, मोडायचे, दुसऱ्याचे मातीने बांधायचे. पाळी बदलायच्या सकाळी दोन्ही घरचे माणूस तिथे हजर असावे, असा दंडक होता.

त्या हिवाळ्यात तो दंडक जेवढ्या काटेकोरपणे पाळला गेला, तेवढा पूर्वी कधी पाळला गेला नसावा.

शिवलीला शेवग्याची आणि मिरचीची रोपे तयार करून विकत असे. तिच्या ओंजळीला सदैव ओल्या मातीचा वास. योगीराजाला प्रत्येक गोष्टीत वाद लागे. कासवाला ऐकू येते की नाही, करडईचे फूल पिवळे की केशरी, तुळजापूरचे भेंड-बत्तासे गोड की येरमाळ्याचे... ती पायरीवर बसून भाकरीचा चुरा पाण्यात टाकी आणि त्याला बोलू देई. मग खालच्या हिरव्या काळोखातून जहागीरदार वर येत, एक श्वास घेत, दोघांकडे सावकाश पाहत आणि पुन्हा खाली जात.

"बघितलं? माझ्या बोलण्यावर मान हलवली त्यानं," योगीराज म्हणे.

"कंटाळला त्यो. मान आत घेतली."

"तुमी न्हाय कंटाळत?"

"मला आत घेता येत न्हाय."

एकदा खोरे देता-घेता दोघांची बोटे लाकडी दांड्यावर एकमेकांशेजारी राहिली. दांडा थंड होता, दव पडलेला... आणि तरीही तो सोडण्याची घाई कोणालाच झाली नाही. पाटातले पाणी मात्र दोघांच्या पावलांवरून निघून गेले.

माघ सरत आला. कणसे पिवळी पडली. आण्णासाहेबांच्या पायाचे प्लास्टर निघाले, आणि उद्या सकाळच्या एसटीने योगीराज परत जाणार, हे दोन्ही घरांत सर्वांना ठाऊक झाले. त्या सकाळी पाण्याची शिवलीलेची पाळी सुरू व्हायची होती. ती थारोळ्यापाशी आली, तर योगीराज पायऱ्यांवरून वर येत होता. त्याच्या हातांत तीच टोपली होती.

"शिवलीला," तो म्हणाला. एरवी तो तिला नावाने हाक मारत नसे. "जहागीरदार..."

ती खाली बसली. कासवाची मान टोपलीच्या काठावर टेकली होती, डोळे मिटलेले. तिने त्याच्या पाठीवरचे शेवाळ बोटाने हळूच बाजूला केले, जसे झोपलेल्या माणसाच्या कपाळावरचे केस बाजूला करावेत.

जहागीरदार गेल्याची बातमी कळली तसे दोन्ही घरांचे कर्ते आले. शिवलीलेचे वडील हणमंतप्पा भस्माची वडी घेऊनच आले. आण्णासाहेब काठी टेकत आले.

"पुरायचं," हणमंतप्पांनी निकाल दिला. "आमच्या बापानं आनलेला हाय. भस्म लावून, मांडी घालून, रीतीनं बसवायचा."

"कासवाला मांडी कशी घालनार, हणमंतप्पा? जलमभर बसूनच हाय त्ये!"

"मग काय तुज्यावानी सरन रचू? त्या ढालीला जाळ लागंल व्हय?"

"जाळा कोन म्हनतंय? पान्याचं जनावर, पान्यात जाऊ द्या. धरनात सोडू."

"घरचा मानूस परक्या पान्यात? बरा हाय की गा तू!"

वाद चढत गेला, आणि अखेर आण्णासाहेबांचा पाय ठणकू लागला, म्हणून दोघे आखाड्यावर, रानातल्या कोठ्यात, चहाला निघाले. जाता जाता हणमंतप्पा वळले. "उनं चडायच्या आत तुमीच दोगं ठरवा काय ते. पर दोनी घरं मान्य करतील, आसं ठरवा."

ते गेले. लिंबाच्या झाडाची विरळ सावली टोपलीवर हलत होती.

"तुमच्यात अग्नी देतेत," शिवलीला म्हणाली. "आन् राख पाण्यात. मग मागं काय ऱ्हातं?"

"पाणी ऱ्हातं की."

"पाणी वाहून जातं." तिने टोपलीत पडलेले लिंबाचे पान उचलून बाजूला टाकले. "आज्जा गेला, तवा मी ल्हान होते. शाळेतून आले की दप्तरासकट त्याच्या समाधीपशी जाऊन बसायचे. काय मागायचं नसायचं... नुसतं बसायचे. मला जागा लागती, योगीराज. जाऊन बसायला."

वाद घालण्याची ही उत्तम संधी होती. योगीराजाने ती घेतली नाही.

"आन् जे जितेपणीच निघून जातेत," त्याने हलकेच विचारले, "त्यांच्यासाठी कुठं बसता?"

"त्यांच्यासाठी कुणी खड्डा खणत न्हाय."

दूर गव्हात एक चिमणी चुकल्यासारखी बोलली आणि गप्प झाली.

"दोन घरच्या दोन रिती," तो म्हणाला. "एकाला सोडावीच लागंल का आपली?" प्रश्न कासवाचा होता, पण विचारताना तो कासवाकडे पाहत नव्हता.

तिने कासवाच्या पाठीवर तळवा ठेवला.

"आपलंच धरून बसलोय आपण. त्याची रीत काय, ते कुणी इचारलं? आज्जा सांगायचा, कासवाची आई पाण्यातून वर येती, काठच्या वाळूत अंडी पुरती आन् परत जाती. जन्म मातीतला. जगणं पाण्यातलं. त्याला कुठं सोडावं लागलं एक?"

योगीराज उठला. त्याने विहिरीकडे पाहिले, पाटांकडे पाहिले, आणि मग त्याची नजर थारोळ्याच्या पुढे, जिथून दोन्ही पाट फुटतात, त्या मातीच्या त्रिकोणावर येऊन स्थिरावली.

"इथं," तो म्हणाला. "मातीत ठिवू. पाळी तुमची असो का आमची, पाणी त्याच्या कुशीवरनंच जाईल."

ती पुष्कळ वेळ त्या जागेकडे पाहत राहिली. "बसायला सावली बी हाय," ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

त्याने खड्डा खणला. पाट फुटू नयेत म्हणून कडा जपत, सावकाश. तिने भस्म ओले करून पाठीच्या ढालीवर तीन बोटे ओढली. त्याने थारोळ्यातले पाणी ओंजळीने घेतले आणि थेंब थेंब कासवाच्या मिटलेल्या तोंडावर सोडले. दोघांनी मिळून त्याला खाली ठेवले. माती लोटताना कोणाचा हात कोणता, हे काही वेळ वेगळे करता येत नव्हते.

मग शिवलीलेने मोटार सुरू केली. पाणी थारोळ्यात कोसळले, फेसाळले, शांत झाले. तिने खोरे उचलले आणि आपल्या बाजूचे दारे न मोडता... त्याच्या बाजूचे मोडले.

"पाळी तुमची हाय," योगीराज म्हणाला.

"म्हाईत हाय."

"मग पाणी आमच्या गव्हात कसं?"

"जायलंय तर जाऊ द्या की." ती पाण्याकडेच पाहत होती. "आता दारं धरायला माणूस लागंल. आण्णामामांचा पाय चिखलात टिकायचा न्हाय आजून. आन् चालू पाणी सोडून गावाला जाणारा माणूस म्या तरी कधी बघितला न्हाय."

तो हसला नाही. त्याने विजारीचे पाय सावकाश वर दुमडले, चपला लिंबाखाली नीट ठेवल्या आणि पाटात उतरला. ताज्या मातीच्या कुशीला घासून आलेले पाणी त्याच्या घोट्याला लागले — गार, आणि जरासे गढूळ.

"नुसता पाण्यापुरता थांबू, का..."

"का?"

"का जागा धरून थांबू? तुमच्यापशी. कायमचा."

धुके केव्हाच विरले होते. या वेळी तिचे हसू लपवायला कोणी नव्हते.

"आधी हे पाणी तर नीट धरा," ती म्हणाली. "मग अप्पापुढं वाद घालायचाय तुमाला. तयारी करा. त्यो लई लांबंल."

"तेवढं मला येतं."

आखाड्यावरून हणमंतप्पांची हाक आली. "काय गं शिवे! ठरली का जागा?"

योगीराजाने तिच्याकडे पाहिले. तिने खोरे त्याच्या हाती दिले, पदराला हात पुसले आणि रानभर ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिले:

"ठरली, अप्पा!"

पाणी तोवर गव्हापर्यंत पोचले होते.