पाण्याचा खरा आकडा

अमरावतीच्या बसस्थानकावर अकोटची गाडी लागली, तेव्हा आत एकच जागा रिकामी होती. खिडकीशी बसलेल्या एका सावळ्या, चष्मेवाल्या माणसाच्या शेजारी. मी धपकन बसले आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा ठेवला. बत्तीस पानं!

यंदापासून सरकारी रुग्णालयांना माल पुरवणाऱ्या प्रत्येकानं पर्यावरण अहवाल द्यायचा होता. वीज किती जाळता, पाणी किती वापरता, कचरा कुठे टाकता... सगळं. आम्ही अकोटला दवाखान्याचा कापूस तयार करतो. जखमेवर लावतात तो, निळ्या कागदात गुंडाळलेला. माझ्या बाबांनी वीस वर्षं जिनिंगमध्ये नोकरी करून हा छोटा कारखाना उभा केला, आता मी तो बघते. सतरा बायका कामाला आहेत. आमचा सगळा माल सरकारी रुग्णालयांतच जातो. अहवाल नामंजूर झाला, तर पुढच्या वर्षी काम नाही. इतका सरळ मामला.

गाडी हलली तसं मी पान उघडलं आणि वैतागून मोठ्यानं वाचलं, "‘आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अंतिम मुक्काम कोणता?’ अंतिम मुक्काम! पानी काय तीर्थाले जाते, बाप्पा?"

शेजारचा हसला. मोकळं, मान मागे टाकून.

"हसू नका जी," मी म्हटलं. "आमच्याकडे पान्याचं मीटरच नाई. कुठून आनू आकडा?"

"मंग काय करसान?"

"टाकून देईन अंदाजे. अर्धा लिहीन. कोन येऊन पाहते?"

तो खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाला, "येतात... कधी कधी."

दर्यापूरपर्यंत आम्ही बोलत राहिलो. त्याचं गाव शेंदूरजनाघाट, घरी संत्र्याची बाग, नोकरी अमरावतीला. कसली ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मीच जास्त बोलले, हे नंतर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता तोच माणूस आमच्या फाटकाशी उभा! गळ्यात सरकारी रुग्णालयांच्या खरेदी कार्यालयाचं ओळखपत्र – सुगत वानखडे, तपासणी निरीक्षक.

माझ्या पायांखालची जमीन सरकली.

"मी..." तो चष्मा पुसत म्हणाला, "तो कधी कधी येनारा."

"काल काहून नाई सांगतलं?"

"तुमी थांबल्या कुठं?"

मागे पिंजणीच्या मशीनवर बसलेल्या मनकर्णाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. बाबांनी मात्र त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "रुग्नाले कापूस पायजे का निबंध, सायेब?"

"कापूसच पायजे, काका," सुगत नम्रपणे म्हणाला. "पन कापूस धुतलेलं पानी ज्या नाल्यात जाते, त्याच्या काठची मान्संच उद्या दवाखान्यात येतात ना."

बाबांनी स्वतः खुर्ची सरकवली, आणि ते ती कुणासाठीही सरकवत नाहीत.

नियम असा होता की निरीक्षकानं पहिले दोन महिने शिकवायचं आणि तिसऱ्या महिन्यात तपासायचं. त्या दिवशी सुगतनं शिकवलं, पण असं की मला ते शिकवणं वाटलंच नाही. मीटर नव्हतं, म्हणून आम्ही वीस लिटरचा डबा नळाखाली धरला. तो घड्याळ बघे, मी डबा भरला की "झालं!" म्हणून ओरडे. एकदा, दोनदा, सात वेळा. आठव्या वेळी डबा भरून वाहायला लागला तरी त्यानं वेळ सांगितली नाही.

"घड्याळ पाहा ना!"

"हो... पाह्यतच होतो," तो गडबडून म्हणाला. तो घड्याळाकडे पाहत नव्हता.

पिंजणीतून उडालेले कापसाचे तंतू त्याच्या केसांवर, भुवयांवर बसले होते. सावरीच्या झाडाखाली उभा असल्यासारखा दिसत होता तो. झटकून टाकावेत असं वाटलं. हात मात्र मी ओढणीतच ठेवला.

संध्याकाळी आकडा निघाला, तो माझ्या अंदाजाच्या दुप्पट होता. कापूस उकळायचा, पांढरा करायचा, मग चार वेळा धुवायचा... पाणी लागणारच.

"हे लिहिलं तर आमी गेलो," मी म्हटलं.

"जास्त आहे म्हनून कोनी बाद होत नाई, भावना." पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली. "खोटं असलं तर होते. खरं लिहा, आन कमी कसं करसान तेही लिहा."

रात्रभर डोक्यात तेच. पहाटे कल्पना सुचली ती माझी मलाच. चौथ्या धुण्याचं पाणी तर जवळजवळ स्वच्छच असतं. ते टाकीत साठवून कापसाच्या पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला वापरलं तर? मी सकाळी सातला त्याला फोन केला. तो झोपेतून उठलेला, आवाज घोगरा.

"चांगलं सुचलं! लय चांगलं!" मग थांबून, "रोज सुचत जाऊ द्या... सकाळी सकाळी."

मग फोन येऊच लागले. कारण कायम कागदाचं.

"तुमचा सतरावा रकाना रिकामा हाये."

"राहू द्या रिकामा. तुमाले फोन कराले काहीतरी कारन लागीन ना?"

पलीकडे ते मोकळं हसणं.

फेब्रुवारी आणि मार्चभर हे असं चाललं. तो आणखी दोनदा आला. एकदा माझ्या आईनं – सुंदराबाईनं – त्याला कारखान्याला लागूनच असलेल्या आमच्या घरी जेवायला बसवलं, तर ज्वारीच्या भाकरीवर झुणका घेऊन तो म्हणाला, "मावशी, इथं तपासाले काहीच नाई." आई दिवसभर खुशीत होती. आणि मी? मी अंगणात कपडे वाळत घालताना उगाच गुणगुणत होते.

मग एप्रिल उजाडला आणि फोन बंद झाले.

एक आठवडा. दोन आठवडे. मी केलेला फोन त्यानं उचलला नाही. एकच ओळ आली – "अहवालाचा निकाल लागेपर्यंत मला बोलता येणार नाही. क्षमा करा." क्षमा करा! एवढ्या दिवसांत जवळ आलेला तो अशा सरकारी भाषेनं पुन्हा दूर जाऊन बसला.

त्यात चौथ्या धुण्याचं पाणी साठवायला बसवलेल्या टाकीला तडा गेला. नवी टाकी यायला आठ दिवस लागले आणि ते आठ दिवस पुन्हा जुन्यासारखं धो-धो पाणी गेलं. रोजच्या नोंदवहीत ते आठ आकडे डोळ्यांत खुपत होते. एकच पान तर होतं! फाडून नवं लिहायला दहा मिनिटंही लागली नसती.

मी पेन हातात घेऊन बसले होते, तेव्हा बाबा आले. वहीकडे पाहिलं.

"त्यो पोरगा काय म्हनला होता?"

"खरं लिहा म्हनून."

"मंग? त्यो बोलत नाई म्हनून ते खोटं झालं का?"

मी पान तसंच ठेवलं आणि खाली टाकीची तारीख लिहिली.

शेवटच्या तपासणीला सुगत आलाच नाही. आले वामनराव – साठीला टेकलेले, कडक, चहासुद्धा न घेणारे. मला राहवलं नाही.

"वानखडे सायेब नाई आले?"

"त्यांनी लिहून दिलं, ही फाईल माझ्याकडून काढून घ्या म्हनून."

"काहून?"

"ते गोपनीय हाये, बाई."

काय सापडलं असेल त्याला आमच्यात? कुठं चुकलो आम्ही?

वामनरावांनी नाला पाहिला, टाकी पाहिली, बायकांना हातमोजे मिळतात का ते विचारलं. मग नोंदवही उघडली आणि त्या आठ दिवसांच्या पानावर थांबले.

"हे कोनी लिहिलं?"

"मी."

"बाकी ठिकानी मी गेलो, तिथं एकही वाईट दिवस नाई सापडला," ते पेन काढत म्हणाले. "या आठ दिवसांमुळे मले तुमचे बाकीचे दिवस खरे वाटले."

आणि त्यांनी त्याच पानावर सही केली.

मेच्या पहिल्या आठवड्यात यादी लागली. आमचं नाव होतं! मी कागदांवर सह्या करायला अमरावतीला खरेदी कार्यालयात गेले. बाहेर ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. सह्या झाल्या आणि वळले, तर दाराशी सुगत. शर्ट घामानं भिजलेला, हातात रसाचे दोन ग्लास.

"अभिनंदन."

"आता बोलता येते का तुमाले?" मी तुटकपणे विचारलं.

"आजपासून येते." तो मला उपाहारगृहातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेला. त्यानं ग्लास खाली ठेवले. "तपासणीच्या आधी आमाले एक कागद भरावा लागते. ‘संबंधित पुरवठादाराशी आपले वैयक्तिक संबंध आहेत काय?’ मले... ‘नाही’ लिहिता नाई आलं."

मी ग्लास बाजूला सरकवला.

"पन संबंध होते कुठं?"

"सायेबांनी तेच इचारलं. मी म्हटलं, तिकडचं माहीत नाई. माही बाजू पक्की हाये."

महिनाभराचा राग कुठे गेला, कळलंच नाही. तरी मी भुवई उंचावली. "म्हंजे मले सांगाच्या आंधी सरकारले सांगतलं?"

"लेखी," तो कान लाल करून म्हणाला. "तुले आता तोंडी सांगून राहिलो."

तुले! पंख्याखालीही माझे गाल तापले. पण एक गोष्ट बोलायलाच हवी होती.

"सुगत, मी अकोट सोडनार नाई. सतरा बाया हायेत. बाबा थकले."

"सोड म्हटलं का मी? अकोल्याले जागा रिकामी हाये. मी बदलीचा अर्ज देऊन बसलो."

"मले न इचारता? आन मी नाई म्हटलं असतं तर?"

"तर..." त्यानं चष्मा काढला. डोळे केवढे भाबडे दिसत होते त्याचे! "तर अकोल्यात राहून दुःखी झालो असतो. जरा जवळून."

मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. हसता हसता डोळे कधी भरले, कळलं नाही. त्यानं टेबलावर हात पालथा ठेवला होता... मी माझा त्यावर ठेवला. मग दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

"आई, रविवारी एक मानूस जेवाले येनार हाये. आपल्या घरी बोलनी कराले."

पलीकडे पिंजणीचा खडखडाट. "कोन? आयकू नाई येत, पोरी!"

"सुगत!" मी अख्ख्या उपाहारगृहाला ऐकू जाईल असं ओरडले.

"आवो, मशीन बंद करा!" आई तिकडे किंचाळली. खडखड थांबली. भर दुपारी कारखाना एकदम चिडीचूप झाला. सतरा बायका श्वास रोखून ऐकताहेत, हे मला इथून कळत होतं. आणि त्या शांततेत मनकर्णाबाईंचा आवाज आला,

"बोलली का पोट्टी एकदाची?"