सदतीस अंशांचा डबा

"ही बाटली स्वेटरच्या आत घ्या. छातीशी धरा. आणि हलू नका!"

आमची पहिली ओळख ही अशी. चौऱ्याहत्तरचा डिसेंबर, नागपूरची थंडी, आणि हातात फ्रिजमधून काढलेली रक्ताची गार बाटली. ती कोमट करायला आणलेल्या बादलीतून चक्क वाफा निघत होत्या. इतक्या गरम पाण्यात रक्त नासतं. माणसाच्या उबेत नासत नाही. म्हणून मी पेशंटच्या भावालाच कामाला लावलं.

"किती वेळ जी, सिस्टर?" त्याचे दात वाजत होते.

"मी सांगेपर्यंत."

"मग नका सांगू..."

मी वळून पाहिलं. खाटेवर बाळंतीण बहीण, जिजाबाई, पांढरीफटक पडलेली. "आनंदा, हुडहुडी भरून राहिली गा," म्हणत होती. त्याचे डोळे भरलेले, आणि तरी हा पठ्ठ्या तिच्यासाठी हसत होता. तिथेच माझं मन फसलं!

जिजाबाई बरी होऊन घरी गेली. पंधरा दिवसांनी आनंदराव पुन्हा हजर — काखेत पत्र्याचा डबा. नागपूरच्या सदर भागात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. डब्यात कोमट पाणी, पाण्यात नळीचं वेटोळं. त्यातून फिरता फिरता रक्त कोमट होणार. पाण्याची ऊब राखायला अंडी उबवायच्या पेटीतला थर्मोस्टॅट.

"कोंबड्यांचा?" मी नाक मुरडलं.

"त्यात पिल्लू मरत नाही, सिस्टर. तुमचं रक्त काहून नासंल?"

डॉक्टर म्हणाले, सात दिवस डबा चालवून पाहा. पारा सदतीसवर टिकला तर सिस्टर गोपिका, म्हणजे मी, सही करणार, मग वापरा. झालं! रोज चार वाजता आनंदराव यायचा, खिशात माझ्यासाठी बोरं घेऊन.

"आज किती?"

"सदतीस."

"म्हणजे पास?"

"उद्या पाहू..."

सातव्या दिवशीही सदतीसच. सही केली, की उद्यापासून हा कशाला येईल? माझी जीभ परस्पर बोलून गेली, "अर्धा अंश कमी वाटते." बिचारा डोकं खाजवत तारा पुसत बसला. आठवा दिवस, नववा... मी, वॉर्डातली सगळ्यांत कडक सिस्टर, धडधडीत खोटं बोलत होते.

दहाव्या दिवशी दुपारी बेसा गावाहून अंजनाबाईंना आणलं. बैलानं पोटात शिंग खुपसलेलं. चार बाटल्या, ताबडतोब! मी सरळ डब्याकडे धावले.

"सिस्टर, थांबा!" दारातच उभ्या आनंदरावचा चेहरा उतरला. "अर्धा अंश कमी आहे न? बाईले काही झालं तर..."

"काही होत नाही. डबा बरोबर आहे."

चौथ्या बाटलीपर्यंत अंजनाबाईंच्या हातापायांत ऊब आली, कापरं थांबलं. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं, बोलणी खाल्ली, वहीत सही केली आणि व्हरांड्यात आले. तो कठड्याशी उभा होता.

"डबा सातव्या दिवशीच पास झाला होता," मी म्हटलं.

"मग... काहून जी?"

"तुमचं येणं बंद झालं असतं म्हणून!" आता लपवायचं काय उरलं होतं? "तुम्ही मले आवडता. पण काल कोणाले गरज पडली असती तर? माझी मलेच लाज वाटून राहिली."

 तो वळून कँटीनकडे चालू लागला, तसं मला वाटलं, संपलं सगळं. पण तो परतला — हातात चहाचा वाफाळता ग्लास. माझे हात त्यानं ग्लासाभोवती ठेवले आणि वरून स्वतःचे.

"असा धरा. आणि हलू नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"मग..." माझे डोळे भरून आले, "नका सांगू."