नऊ नंबरचा वाइस

खोलीचं दार नीट लागत नव्हतं. वरच्या कोपऱ्यात बोटभर फट होती आणि कडी खोबणीत अर्धीच शिरायची, तीही तीनदा हिसडल्यावर. फिटरला हे पहिल्याच दिवशी दिसलं. बावीस वर्षं ज्यानं लोखंडात लोखंड असं बसवलं की मध्ये केस शिरू नये, त्याच्या नशिबी असलं दार.

बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग करा की तुम्हीच नीट. फिटर ना तुम्ही?"

"कामाला लागलो की करतो."

वेळ नव्हता असं नाही. वेळच वेळ होता. पण बेकार माणसाला स्वतःच्या दाराला हात लावायचीही लाज वाटते. हे ज्याला कळत नाही त्यानं बेकारी फक्त पेपरात वाचलेली असते.

त्याचा जुना कारखाना बंद पडला होता. पडला म्हणणंही खोटंच. मालकानं बंद केला, शटरला कुलूप घातलं आणि कामगारांच्या हातात एकेक कागद ठेवला. बायको आणि आठ वर्षांची पोरगी बायकोच्या भावाकडे राहायला गेल्या. फिटर एक बॅग आणि कानशींची पेटी घेऊन या शहरात आला. इथं काम आहे, असं सगळे म्हणत होते. म्हणणारे सगळे आपापल्या घरी होते.

एक्केचाळीस दिवस झाले. एका ठिकाणी वय जास्त ठरलं, दुसऱ्या ठिकाणी अनुभव जास्त ठरला. एका चकाचक ऑफिसात मिसरूड न फुटलेल्या साहेबानं विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"आरशात," फिटर म्हणाला.

साहेबाला हसू आलं नाही. फिटरला नोकरीही मिळाली नाही.

बेचाळिसाव्या दिवशी औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, नाल्यापलीकडे, त्याला एक टूलरूम सापडली. लांबट पत्र्याची शेड, एका बाजूला धुळीनं माखलेल्या खिडक्यांची रांग. आत एका लाकडी ओट्यावर बारा वाइस, तुकडा घट्ट पकडून ठेवणारे लोखंडी शिकंजे, बसवलेले, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. फोरमन चष्मेवाला, सुकलेला, मान वर न करता बोलणारा. त्यानं फिटरला नऊ नंबर दिला. परीक्षा साधी होती: चौकोनी भोकाची एक प्लेट, तिच्यात बसेल असा चौकोनी तुकडा कानशीनं घासायचा. चारही बाजूंनी फिरवून कसाही घातला तरी बसला पाहिजे, आणि उजेडासमोर धरला तर मधून उजेड दिसता कामा नये.

फिटर उभा राहिला. कानस चालू झाली तशी त्याची डावी टाच आपोआप उचलली गेली. शिकाऊ असताना त्या टाचेवर वस्तादानं किती पट्ट्या मारल्या होत्या, पण खोड गेली नाही. चार तास त्यानं मान वर केली नाही. कीस बोटांना चिकटला, तेलाचा वास नाकात बसला, आणि एक्केचाळीस दिवसांत पहिल्यांदा त्याला आपण कोण आहोत ते आठवलं. तयार जॉब प्लेटीत बसवून खिडकीकडे धरला. उजेडाचा धागासुद्धा नाही.

आणि त्या भरात त्यानं पंच उचलला आणि कोपऱ्यात ठक ठक दोन ठिपके मारले.

ही त्याची खूण. जुन्या कारखान्यात प्रत्येकाची अशी खूण असायची, म्हणजे जॉबमध्ये खोट निघाली तर ती ज्याची त्याच्याकडे परत यायची. पण खूण जॉब पास झाल्यावरच मारायची, आधी नाही. वस्ताद म्हणायचा, "आधी मारलीस तर तुझ्यातलं काहीतरी त्याच्याबरोबर जातं आणि हिशेब कुणाकडेच राहत नाही." पोरं हसायची. हसत हसत नियम मात्र पाळायची.

फोरमननं पहिल्यांदा मान वर केली. "हे काय?"

"सवय हो. हात गेला."

"परीक्षेच्या जॉबवर खूण?" त्यानं अंगठा ठिपक्यांवरून फिरवला. "आता हा मला ठेवावा लागेल."

"ठेवा की. मला काय करायचाय?"

"कळवू," फोरमन म्हणाला आणि तुकडा स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात टाकला. बाकीच्यांचे तुकडे त्यानं एका खोक्यात टाकले. त्या खोक्यात तसलेच शेकडो तुकडे होते, तेल लावून कागदात गुंडाळलेले, माल रवाना करायच्या चिठ्ठ्यांसकट.

बाहेर पडताना आठ नंबरवरचा टक्कलवाला त्याच्याजवळ आला. "दादा, पहिल्यांदा आलात? माझी ही तिसरी वेळ. इथं रोज बारा जणांची परीक्षा असते. पास कुणी होत नाही. माल तेवढा वेळेवर जातो."

"म्हणजे फुकटात..."

"मग? आपल्याला वाटतं आपण नोकरी मागतोय. तिकडं नोकरी आपल्याकडून काम मागतेय." तो खोकल्यासारखा हसला आणि बसकडे पळाला.

फिटर रस्त्यात थांबला आणि त्यानं शेडकडे बघून एक सणसणीत शिवी दिली. ऐकायला कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. ती मोरीतून बोलत होती, नळ सोडून. "वहिनी आज पाहुण्यांसमोर म्हणाल्या, आमच्याकडे येतात ते राहतातच. पोरगी ऐकत होती. शाळा उघडायला दहा दिवस राहिलेत. तिला इथं घालू की तिथं, एवढं तरी सांगा. मी काही म्हणत नाहीये तुम्हाला. फक्त सांगा."

"लागलो मी कामाला," फिटर म्हणाला.

तिकडे नुसता नळ वाहत होता.

"खरं?"

"सोमवारपासून. टूलरूम आहे. पहिली पाळी." एकदा तोंड उघडल्यावर तपशील आपोआप येत गेले. "नऊ नंबरचा वाइस दिलाय. खिडकीजवळ. फोरमन चष्मेवाला आहे, पण माणूस बरा आहे."

नळ बंद झाला. ती रडत होती. आवाज नव्हता, पण त्याला तिचा श्वास ओळखू यायचा. मग पोरीनं फोन ओढून घेतला.

"बाबा, आज किती मायक्रॉन?"

हा त्यांचा जुना खेळ. आज कामात किती चूक झाली, असं ती विचारायची.

"तुझ्या केसाएवढी."

"फारच झाली मग," ती म्हणाली आणि खिदळली.

पुढच्या रविवारी दोघींनी यायचं ठरलं. आठवडाभरात कुठंही चिकटू, हमाली तर हमाली, असं फिटरनं स्वतःला सांगितलं. खोटं बोलणारा प्रत्येक माणूस थोडी मुदत मागत असतो.

मंगळवारी सकाळी दहाला तो जिना उतरत होता. घरमालकीण खालच्या खिडकीशी विणत बसलेली. म्हातारीचे डोळे सुईसारखे.

"अहो, तुम्ही परत कधी आलात?"

"मी गेलोच कुठं होतो, आजी?"

"सहाला गेलात की. डबा घेऊन. शीळ घालत होतात. म्हटलं, लागला वाटतं बिचारा कामाला."

फिटर हसला. तो साडेनऊपर्यंत उशीत डोकं खुपसून पडला होता, आणि डबा तर त्याच्याकडे नव्हताच. म्हातारी आहे, वरच्या मजल्यावरच्या कुणाला पाहिलं असेल, असं त्यानं ठरवलं.

बुधवारी साबणाला लोखंडाचा कीस चिकटलेला दिसला. परीक्षेच्या दिवशीचा असेल. पण साबण त्यानं कालच नवा काढला होता.

गुरुवारी खुंटीवरच्या शर्टाची बाही तेलकट होती. हुंगून पाहिली. ताजं कटिंग तेल. त्यानं स्वतःचे तळवे पाहिले. दीड महिन्यात घट्टे मऊ पडले होते, कडेनं सालं निघत होती. खोलीत दुसरं कुणी येऊन जातंय म्हणावं, तर किल्ली एकच होती आणि ती त्याच्या खिशात होती. आणि चोर काही शर्ट घालून कामावर जात नाही.

शुक्रवारी दुपारी तो नाला ओलांडून टूलरूमच्या फाटकाशी गेला. कशासाठी, ते त्याला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

वॉचमन त्याच्याकडे बघून उठलाच. "अहो, पाळी चालू आहे. तुम्ही बाहेर कसे? कुठून गेलात?"

"मी आत नव्हतोच."

"काय थट्टा करता राव." त्यानं कामगारांचं रजिस्टर उघडून बोट ठेवलं. नऊ नंबर. आत येण्याची वेळ सहा बावन्न. पुढे सही. शेवटच्या अक्षराचं शेपूट वर वळवलेलं, फिटर शाळेपासून वळवायचा तसं. वर चार दिवसांच्या चार सह्या. सोमवारपासूनच्या.

"ही माझी सही आहे," फिटर म्हणाला.

"मग कार्ड दाखवा."

"कार्ड नाही."

वॉचमनचा चेहरा बदलला. थट्टेचा होता, तो सरकारी झाला. त्यानं दुसरं, पातळ रजिस्टर पुढे सरकवलं. "कार्ड नसेल तर तुम्ही बाहेरचे. यात लिहा. काय काम, तेही लिहा."

फिटरनं पेन घेतलं. नाव लिहिलं. 'भेटीचे कारण' या रकान्यात लिहिलं: नोकरी. सही करताना शेपूट वर वळवायला गेला तर हात अडला. ते खालीच राहिलं.

वॉचमननं त्याच्याकडे पुन्हा पाहिलं, ते पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. "त्या खिडक्यांच्या बाजूनं जा," तो म्हणाला.

खिडकीच्या काचेवर धूळ होती. फिटरनं बाहीनं एक गोल पुसला.

बारा माणसं पाठमोरी उभी होती. अकरा जण नेहमीच्या कपड्यांत, परीक्षेला आलेले. एकाच्या अंगावर निळा ॲप्रन. तो नऊ नंबरवर होता. कानस पुढे जात होती, मागे येत होती, घाई नाही, थांबणं नाही. मानेवर फिटरच्या मानेवरचाच तीळ.

डावी टाच किंचित उचललेली.

"चांगलं काम करतो," शेजारून आवाज आला. फोरमन केव्हा येऊन उभा राहिला ते कळलं नव्हतं.

"तो कोण आहे?"

"नऊ नंबर."

"मग मी कोण?"

फोरमननं चष्मा काढून पुसला. "तुम्ही आत्ताच लिहून आलात ना," तो म्हणाला. "जागा एकच होती."

आत कानस थांबली. पाठमोरा माणूस वळणार असं वाटलं. फिटर त्याआधीच पळाला.

शनिवारी त्यानं बायकोला फोन केला. सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. खोटं बोललो, काम नाही, येऊ नका.

"हॅलो," ती म्हणाली. मागे पोरगी गाणं म्हणत होती.

"अगं, मी बोलतोय. ऐक..."

"कोण मी?"

"मी गं. असं काय करतेस?"

"हे बघा, माझ्या मिस्टरांनी आत्ताच बोलून फोन ठेवलाय. तुम्ही चुकीचा नंबर लावलाय." तिचा आवाज परक्याशी बोलताना होतो तसा झाला होता. सभ्य आणि बंद. "पुन्हा लावू नका."

त्यानं पुन्हा लावला. तिनं उचलला नाही.

रविवारी सकाळी दहाची बस. तो आठलाच स्टँडवर जाऊन बसला. बस आली. माणसं उतरली, बोचकी उतरली, एक सायकल उतरली. त्या दोघी नव्हत्या.

"एक बाई होती का हो?" त्यानं कंडक्टरला विचारलं. "बरोबर आठ वर्षांची मुलगी?"

"मागच्या स्टॉपला उतरल्या. न्यायला आले होते त्यांचे मिस्टर." कंडक्टर तिकिटांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता म्हणाला. "पोरगी पळत जाऊन गळ्यातच पडली त्यांच्या."

तो चालत परत आला. घरमालकीण खिडकीशी होती.

"कोण हवंय?"

"आजी, मी."

"खोली आता भरलीय," म्हातारी म्हणाली. सुया चालू राहिल्या. "कुटुंब आलंय त्यांचं."

तो वर गेला. किल्ली दारातल्या कुलपात फिरली नाही.

आत भांडी लावल्याचा आवाज येत होता. बायको काहीतरी म्हणाली आणि हसली. असं ती कारखाना बंद झाल्यापासून हसली नव्हती. मग कानस चालू झाली. लाकडावर नाही, लोखंडावर. थोडा वेळ चालली आणि थांबली.

"बाबा, किती मायक्रॉन?"

"आज शून्य."

त्यानं दार वाजवलं.

कडी एका बोटानं सरकावी तशी सरकली. दारात पोरगी उभी होती. तिचा पुढचा दात पडला होता. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. घाबरली नाही.

"काका, कोण हवंय?"

त्यानं हातातली किल्ली पुढे धरली.

"बाबा," ती मागे वळून म्हणाली, "कुणीतरी काका आलेत."

"कामासाठी आले असतील." आतला आवाज दमलेला होता. आठवडाभर काम करून माणूस दमतो तसा. "सांग त्यांना, जागा नाही म्हणावं."

"जागा नाही," पोरगी म्हणाली. शाळेत शिकवलेल्या अदबीनं म्हणाली, आणि दार लावलं.

दार हिसडावं लागलं नाही. खटका बसल्याचा बारीक, कोरडा आवाज झाला. दार लागता लागता त्याला चौकटीवर कडीची नवी पट्टी दिसली होती, कडा गुण्यात, नेमक्या काटकोनात, घासून साफ. तिच्या कोपऱ्यात पंचनं मारलेले दोन ठिपके होते.

मग बावीस वर्षांच्या सवयीनं त्यानं डोळा दाराच्या कडेला लावला आणि वरच्या कोपऱ्यापासून उंबरठ्यापर्यंत सावकाश खाली आणला.

कुठूनही उजेड दिसत नव्हता.