न्यूट्रलवर सोडलेली गाडी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या पोरांनो, नंतर कोंबड्यांचं दार लावायला एकेकट्याने जायचंय तुम्हाला. ॲबिलीन गावाच्या रस्त्यालगत गायी पाळणारा आपला एमेट, ही त्याची गोष्ट. नोव्हेंबरची नऊ तारीख, रविवार, रात्रीचे पावणेदहा.

बापाची जुनी पिकअप एमेट शेजारच्या लुपेला विकत होता. गाडी ऑटोमॅटिक, पण गियर महालहरी. गियरचा दांडा टाकला की ढिम्म. एक, दोन, तीन... मग पाठीत धपाटा बसावा तसा धक्का. गरम झाली की मात्र शहाण्यासारखी वागायची. म्हणून लुपेला दाखवताना एमेटने ती आधी तासभर फिरवून आणली होती.

“धड आहे ना रे?” लुपेने फोनवर विचारलं होतं. “तीन फाटकं आहेत माझ्या कुरणाला. उघडायला मी एकटीच.”

“लोण्यासारखी चालते.”

“विकणारा लोणीच लावणार म्हणा!”

एमेट हसला होता. पण याच गाडीने त्याचा बाप हॉलिस गेला होता. आपल्याकडे एकटा माणूस फाटकाशी दांडा न्यूट्रलवर टाकतो आणि इंजिन चालू ठेवून उतरतो. डाव्या बुटाची टाच एका कडेने झिजवत चालणारा म्हातारा हॉलिसही तसाच उतरला. झिजलेला दांडा आपोआप खाली, गाडी पुढे नेणाऱ्या गियरवर घसरला. गाडी लगेच हलली नाही, म्हणून त्याला कळलं नाही. तीन आकडे मोजेपर्यंत गियर पडला आणि गाडीने त्याला फाटकावर चिरडलं. आदल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, “गियर बघून दे रे, एमेट.” एमेट म्हणाला होता, “पुढच्या आठवड्यात, बाबा.” हे त्याने आईलाही सांगितलं नव्हतं.

त्या रात्री तो थंडच गाडी घेऊन लुपेकडे द्यायला निघाला आणि त्याच फाटकाशी आला. सवयीने दांडा न्यूट्रलवर टाकला, उतरला, दिव्यांच्या उजेडात साखळीला हात घातला.

मागे खट्ट झालं.

दांडा घसरला होता. एमेट वळला. पाय हलेनात.

एक.

दोन.

“बाबा...”

गाडी उसळली. दिवे अंगावर आले... आणि गुडघ्यापासून वीतभरावर थांबले. इंजिन पुढे रेटत होतं. मागची चाकं जखडलेली. आत कोणी नव्हतं.

मग इंजिनही बंद पडलं.

एमेटने तिथूनच लुपेला फोन लावला. “गाडी घेऊ नकोस. तिच्या खोडीने बाबा गेले. मला माहीत होतं. मी टाळलं.”



“आईला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला काय सांगतोस? घरी जा.”

तो चालत गेला. आईला उठवलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

सकाळी त्यांनी मला गाडी बघायला बोलावलं. गाडीत पायाशी डाव्या कोपऱ्यातलं, मागची चाकं जखडणारं पार्किंग ब्रेकचं पेडल हॉलिस असतानाच गंजून बसलं होतं. एमेटच्याने किंवा माझ्याने ते कधी हललं नव्हतं. त्या सकाळी मात्र ते कोणीतरी दाबल्यासारखं तळाला टेकलं होतं. त्यावर डाव्या बुटाचा ठसा, ओल्या चिखलाचा. महिनाभर पाऊस नव्हता.

एमेटच्या आईने पुसायला फडकं काढलं. टाचेची झिजलेली कड पाहिली. आणि फडकं तसंच परत खिशात ठेवलं.