हावलिकचा पत्ता

ऋचा, तो दिवा नको लावूस आता. आणि तन्मय, मध्ये बोलायचं नाही. परेश दांडेकर माझ्या चांगल्या ओळखीचा. पदरचं घालून सांगणारा माणूस नव्हे. त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो.

शुक्रवार, एकवीस नोव्हेंबर, दोन हजार चौदा. दुसऱ्या दिवशी अमावास्या. परेश तेव्हा सिंगापूरला, वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत इंजिनियर होता आणि लांब यिशुनला भाड्याच्या एका खोलीत राहायचा. दोन वर्षं झाली होती, पण दाराशी येऊन हाक मारील असं एक माणूस नव्हतं. ऑफिस सुटलं की हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, कोपऱ्यातल्या टेबलावर खायचं, खोलीवर येऊन पडायचं. त्या संध्याकाळी मात्र त्याला काम होतं. आजीचं काम.

आजी म्हणजे मधुवंतीबाई. मिरजेला असायच्या, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे वडील यारोमीर हावलिक. होय, चेक! कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला फिटर. इथल्याच मुलीशी लग्न केलं, मराठी शिकला, इथलाच झाला. चाळीस साली सिंगापूरच्या एका रबर कारखान्यात काम निघालं. सहा महिन्यांत येतो म्हणाला. वर्षभर पत्रं आली. पुढं बंद. गाव म्हणालं, गोरा माणूस तो, थाटलं असेल दुसरं घर. आजी तेव्हा चार वर्षांची. ते बोलणं ऐकतच मोठी झाली.

"तिकडं आहेसच तर बघ रे," ती फोनवर म्हणाली होती. "टाकून गेले का आम्हाला, एवढंच कळू दे."

परेशनं सगळे शनिवार वाचनालयात घालवले. एक्केचाळीस सालच्या डिरेक्टरीत एक ओळ सापडली. हावलिक, मेकॅनिक. खाली बुकित तिमाहच्या एका गल्लीचा पत्ता. बेचाळीसच्या फेब्रुवारीत जपानी आले. त्यानंतर कुठल्याच यादीत ते नाव नाही. मेलेल्यांच्यातही नाही आणि जगलेल्यांच्यातही नाही.

त्या शुक्रवारी तो तिथं गेला. गल्लीत दोन्ही बाजूंना कॉन्डो, म्हणजे फ्लॅटच्या उंच इमारती. मधे तेवढं पत्त्यातलं ते बसकं, जुनं घर, भोवती पत्रे ठोकलेले. सोमवारी पाडायचं होतं. फाटकाशी उस्मान नावाचा म्हातारा मलय वॉचमन बसला होता. परेशनं सगळी हकिकत सांगितली. उस्माननं ऐकून घेतली, त्याचा मोबाइल नंबर लिहून घेतला, कुलूप काढलं.

"टेन मिनिट्स कॅन, लाह," तो तिथल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मी आत येणार नाही."

सात वाजून वीस मिनिटं झाली होती. अंधार पडलेला. परेशनं मोबाइलचा टॉर्च लावला. पुढची खोली रिकामी. मधली रिकामी. भिंतीवर वाळवीच्या रेघा. बघण्यासारखं काही नव्हतं. आजीला दाखवायला एक-दोन फोटो काढले आणि तो परत फिरला.

मागं भांडं वाजलं.

मांजर असेल. तो थांबला. मधल्या खोलीच्या टोकाला स्वयंपाकघराचं दार. बंद. येताना ते उघडं होतं का? आठवेना.

रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येईनासा झाला. रातकिडेसुद्धा...

मग दाराआडून कुणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज. थकलेला. मराठीत.

"मिरजेहून?"

परेशनं टॉर्च दाराकडे वळवला.

"मदू... मदू जेवली?"

'ध' म्हणता येत नव्हतं त्या माणसाला.

परेश म्हणाला, आपण उत्तर का दिलं ते कळत नाही. पण त्या आवाजात धमकी नव्हती. फार वेळ ताटकळलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"जेवली," तो म्हणाला.

मग खुर्ची सरकली. सावकाश. चमचा वाजला. एकदा... पुन्हा... कुणीतरी जेवत होतं. भुकेलं माणूस जेवतं तसं, न थांबता.

आणि चमचा थांबला.

"आणि तू?"

दोन वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. त्याच क्षणी दाराची कडी हलली...

तो पळाला. फाटकाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला बसला. उस्माननं पाण्याची बाटली पुढं केली.

बसस्टॉपवरूनच त्यानं मिरजेला फोन लावला. सगळं सांगितलं.

"मी जेवल्याशिवाय ते ताटाला हात लावत नसत," आजी म्हणाली. "रोज विचारायचे. मला वाटलं होतं, विसरले."

मग ती रडली. त्र्याहत्तर वर्षांचं रडणं ते. परेश नुसता फोन कानाला धरून बसला. दोन बस येऊन गेल्या.

शनिवारी सकाळी उस्मानचा मेसेज आला. दिवस उजाडल्यावर तो आत फेरी मारून आला होता. सोबत फोटो. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कल्हई उडालेलं एक ताट, स्वच्छ घासून पालथं घातलेलं. खाली पाण्याचं थारोळं, अजून न सुकलेलं.

फोटोखाली उस्माननं एवढंच लिहिलं होतं, 'सर, या घराचं पाणी तोडून नऊ वर्षं झाली.'