तळ्याला खिसा

फोटो-स्टुडिओच्या काउंटरवर छायाचित्रकाराने मोठ्या छायाचित्राची गुंडाळी उलगडली, आणि समोरची ग्राहक एकदम म्हणाली, “हात हलवू नका!”

तो जागच्या जागी थबकला. पहाटेचे तळे, मागे डोंगरांची रांग, काठावर एकच वाकडे झाड… छायाचित्र त्यानेच काढलेले होते. ती मात्र त्याच्या बाहीकडे पाहत होती. कागदावर टेकलेल्या त्या विटक्या निळ्या बाहीत तळे जणू पुढे पसरत गेले होते.

“मी या फोटोची गोधडी करतेय, भिंतीवर लावायची,” ती म्हणाली. “पहिली प्रत कापून साचे केले…”

“माझा फोटो कापलात?”

“प्रेमाने कापला. डोंगर झाले, झाड झालं. तळ्याचं कापड तेवढं मिळत नाही. सगळी दुकानं पालथी घातली. प्रदर्शन आठ दिवसांवर आलंय.”

“म्हणजे… माझा शर्ट हवाय?”

तिची कानशिले तापली. “हो. पण आत्ता नको! धुऊन आणा.”

दुसऱ्या दिवशी शर्ट तिच्या घरी आला. तिसऱ्या दिवशी तो शर्टाची चौकशी करायला आला. चौथ्या दिवशीही आला, तेव्हा तिच्या आईने दारातूनच हाक दिली, “अगं, शर्टाला भेटायला पाहुणे आलेत!”

तिने पाठीच्या, बाह्यांच्या अरुंद पट्ट्या कापल्या. उन्हाने विटलेल्या पट्ट्या वर लावल्या, शिवणीपाशी गडद राहिलेल्या तळ्याच्या काठाशी. मशीनवर लाटांना टीप मारताना तो कापडाचे टोक ताणून धरी. एकदा बोटांना बोटे लागली.

“सुई लागेल…” ती पुटपुटली.

“मग मशीन थांबवा.”

“थांबवलंय… मघाशीच.”

सहाव्या दिवशी तो कापडाकडे पाहत म्हणाला, “प्रदर्शन झालं की मी निघतोय. जंगलात काम मिळालंय. सहा महिन्यांचं.”

ती नुसतीच मान हलवून टाके घालत राहिली. आता नाही, तर कधीच नाही, हे तिला पक्के कळले होते. त्या संध्याकाळी शर्टाचा उरलेला एक तुकडा तिने फार विचार करून तळ्याच्या काठाशी बसवला.

प्रदर्शनात तो गोधडीपुढे बराच वेळ उभा राहिला. “हुबेहूब! पण… इथे हे काय? तळ्याला खिसा?”

“हात घालून बघा.”

आत चिठ्ठी होती: ‘शर्ट परत मिळणार नाही. शर्टाचा मालकही हवा आहे.’

त्याने ती दोनदा वाचली. “मालक सहा महिने जंगलात जातोय हो.”

“चालेल. मला घाईचं काम जमतच नाही.”

“आणि मालक पहिल्या दिवसापासून तयार होता! उगीच का कोणी रोज शर्टाला भेटायला येतं?”

ती खुदकन हसली. त्याने चिठ्ठीची घडी घातली, छातीकडे हात नेला आणि थांबला. नव्या सदऱ्याला खिसाच नव्हता.

“आता ही ठेवू कुठे? माझा खिसा तर तुमच्याकडे.”

तिने तळहात पुढे केला. त्याने चिठ्ठी त्यावर ठेवली… आणि हात मागे घेतलाच नाही.